शब्द कोणाचे, चाल कोणाची : राजारामपुरीतल्या गाण्याच्या नोंदी

१२ जून २०२५

गाण्याच्या कार्यक्रमाला जागा ठरली. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीतलं कॉफीचं दुकान. दुकान मित्राचं म्हणायचं, पण चालवतात वहिनी. मित्र फक्त गल्ल्यावर बसतो आणि सुट्टे नाहीत म्हणतो. आतली खोली मोजली, २४ फूट बाय १८. टेबलं हलवली तर ४० खुर्च्या बसतील. दोन भिंती काचेच्या आहेत. मधोमध उभं राहून टाळी वाजवली तर ती दोनदा ऐकू आली. काचेला जाड पडदे लावावे लागणार.

ठरलेलं असं : महिन्याचा पहिला शनिवार, संध्याकाळी ७ ते ९. गाणारा जिल्ह्यातला. गाणं त्याचं स्वतःचं, म्हणजे त्यानंच रचलेलं. ही शेवटची अट माझी. वहिनींना ती जाचक वाटते. "लोकांना माहीत असलेलं एकतरी असू दे की," असं दोनदा म्हणाल्या.

मी अडून बसलो त्याला कारण आहे. हे शाहीर पिराजीराव सरनाईकांचं, शाहीर लहरी हैदर यांचं गाव. शाहीर आजही कमी नाहीत. पण शाहिराला बोलावणं येतं ते शिवजयंतीला, नाहीतर एखाद्या योजनेच्या प्रचाराला. दोन्हीकडं काय गायचं ते बोलावणारा ठरवतो. मग त्यानं काल रात्री वहीत उतरवलेलं गाणं म्हणायचं कुठं? तालमीच्या कट्ट्यावर चार जणांत. तिथून ते पुढं जात नाही.

१४ जून

रजिस्टर केलं. छापखाना चालवणाऱ्या माणसाला रकाने आखायची खोड असते. चार आखले : गाणारा, शब्द, चाल, साथ. महिन्याच्या पत्रकावर हेच छापायचं. शाहिरीत हे नवीन नाही. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याची नाममुद्रा, म्हणजे ओळीतच गुंफलेलं नाव, असायचीच. होनाजी बाळा हे तर दोघांचं मिळून नाव, शब्द होनाजीचे आणि गळा बाळाचा. एका मुद्रेत कवीही आला आणि गाणाराही. दोनशे वर्षांपूर्वी जमलं ते आमच्या पत्रकावर जमायला हरकत नसावी.

रेकॉर्डिंगसाठी लेखी परवानगी घ्यायची का, यावर तासभर चर्चा. घ्यायची असं ठरलं.

२१ जून

चाचणी. कागलकडचे एक शाहीर आले, वय साठीच्या पुढं. सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही. बरोबर तुणतुण्यावर भाचा, हलगीवर शेजारी. झील, म्हणजे मागून ओढायचं पालुपद, दोघांनी मिळून धरायची.

तात्यांनी ओळीनं तीन पोवाडे म्हटले. तिन्ही सगळ्यांना पाठ असलेले. "तात्या, तुमचं म्हणा," म्हटल्यावर म्हणाले, "आमचं कोण ऐकतंय? कॉफी प्यायला आलेली माणसं ती." मग बराच वेळ चहा. मग पिशवीतनं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वही निघाली. दोनशे पानी, भरलेली. पहिल्या पानावर १९८७. वरची काही पानं सोडून बोट ठेवलं आणि चष्मा मागितला. स्वतःचं गाणं म्हणताना हा माणूस खाली बघत गात होता. आधीच्या तीन पोवाड्यांत छाती पुढं होती.

आवाजाचं सांगायचं तर सगळंच चुकलं. तात्या काळी पाचला, म्हणजे उंच पट्टीत, गातात, आणि कानावर हात गेला की मान माइकपासून वळते. आवाज येतो, जातो. हलगीपुढं तर बोलायलाच नको. ती कुस्तीच्या फडातली. खासबागेच्या आखाड्यातनं वरच्या शेवटच्या पायरीवर पोचायची तिची सवय, इथं २४ फुटांत तिचं करायचं काय? दुसऱ्या ठोक्याला काउंटरवरचे कप वाजले. तुणतुणं मात्र कुठंच नाही. भाचा तार छेडताना दिसत होता, एवढंच.

उपाय : हलगीला माइक नाही, हलगीवाला दाराबाहेर पायरीवर. तुणतुण्याच्या भोपळ्याजवळ छोटा क्लिपचा माइक. तात्यांना गळ्यातला माइक देऊन पाहायचा.

आणि पावसाळी हवेनं हलगी उतरली. कातडं ओल धरतं, आवाज भदाड होतो, मग ते शेकावं लागतं. जाळ कुठं करणार? हलगीवाला स्वयंपाकघरात शिरला आणि सँडविचच्या तव्यावर हातभर उंच हलगी धरून उभा राहिला. वहिनी बघतच राहिल्या. पाच मिनिटांत कातडं कडक. तव्याचा उल्लेख सामानाच्या यादीत केला आहे.

२९ जून

सुभाषनगरला गेलो. तिथं चपला करणारे एक जण हलगीही वाजवतात आणि गाणीही रचतात असं कळलं होतं. ते कातड्याला टाके घालता घालता बोलले. सगळ्या गल्लीत एकच विषय, इटलीतल्या फॅशन शोमध्ये आपल्या चपलेसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव नाही. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. तरी असं होतं. त्यांनी त्यावर गाणं रचलेलं होतं. आठ दिवसांपूर्वीची बातमी, आणि गाणं तयार!

कातडं माझं, पाणी माझं, टाका माझ्या हाताचा
जोडा गेला विलायतेला, पत्त्या न्हाई गावाचा

मी रजिस्टर काढलं. "चाल कुणाची?" "चाल काय, लग्नातलीच हाय. समद्यांची." तसं लिहून घेतलं. पाच जुलैला येतो म्हणाले. मानधन सांगितलं तर म्हणाले, जाण्यायेण्याचं आधी सांगा.

५ जुलै, पहिली संध्याकाळ

उद्या आषाढी. चौथा पाहुणा म्हणजे एकतारीवर स्वतःचे अभंग म्हणणारे एक बुवा, ते पहाटेच्या नंदवाळच्या दिंडीची तयारी असल्यानं आले नाहीत. मीच तारीख बघायला हवी होती. कोल्हापुरात राहून आषाढी विसरलो, हे घरी सांगितलेलं नाही.

३८ माणसं. तात्या, सुभाषनगरचे, आणि राधानगरीकडच्या एक आक्का.

आक्कांविषयी जरा सविस्तर. जात्यावरच्या ओव्या म्हणतात. जुन्याही आणि स्वतः जोडलेल्याही. दारात येऊन म्हणाल्या, "मी आलो बगा, कुठं बसू?" पुण्याहून आलेला एक पोरगा हसला, आमच्याकडं बायका असंच बोलतात हे त्याला वहिनींनी समजावलं. आक्का माइकपुढं बसल्या आणि गप्प. दोन मिनिटं. मग म्हणाल्या, "हाताला काय तरी पायजे." हाताला काही फिरवायला नसेल तर ओवी निघत नाही. शेवटी टेबलावर पालथी बशी ठेवली, ती गोल गोल फिरवत त्यांनी म्हटलं :

रातच्या लाईटीनं माझी झोप गं न्हेली बाई
ऊस पितो पानी, माझ्या डोळ्याला डोळा न्हाई

शेतीपंपाला रात्रीची वीज, नवरा मोटर चालू करायला शिवारात, ही घरात जागी. दोन ओळीत सगळं. मागच्या रांगेतले दोन शेतकरी "व्हय की!" म्हणाले ते रेकॉर्डिंगमध्ये आलं आहे, काढायचं नाही.

फजिती : सुभाषनगरच्यांच्या दुसऱ्या कडव्यात कॉफीच्या बिया भरडायचं यंत्र सुरू झालं. घरर्र. त्यांनी थांबून यंत्राकडं पाहिलं, आणि पुढची ओळ त्याच्या तालावर घेतली. टाळ्या पडल्या, पण दरवेळी असा गडी मिळणार नाही. यापुढं गाणं चालू असताना यंत्र बंद, बिया साडेसहालाच भरडून ठेवायच्या. तसा कॉफीला खप नाहीच. आज ६१ चहा, ९ कॉफी. वहिनींचं म्हणणं, पुढच्या वेळी म्हशीचं दूध ठेवते. गंगावेशीत धारोष्ण दुधाला रांग लागते, तर इथं का नाही.

ताट फिरवलं. जमलं त्याचे तीन समान भाग. साथीदारांचं काय, हा प्रश्न तात्यांच्या भाच्यानं विचारला आणि तो बरोबर होता. पुढच्या वेळेपासून माणशी वाटे, मुख्य आणि झीलकरी सारखेच. तात्यांना हे फारसं आवडलेलं दिसलं नाही.

८ जुलै

रेकॉर्डिंग ऐकलं. पडद्यांनी बराच फरक पडला. गळ्यातला माइक तात्यांच्या माळेवर घासतो, नको. उलट साधा हातातला माइकच स्टँडवर थोडा दूर, दीड फुटावर ठेवला तर मान वळली तरी चालतं. भोपळ्याजवळची क्लिप उत्तम. पायरीवरची हलगी उत्तम, फक्त शेजारच्या बंगल्यातल्या आजोबांना आधी सांगायचं. ते आता पायरीवरच खुर्ची टाकून बसतात म्हणे.

२ ऑगस्ट, दुसरी संध्याकाळ

५२ माणसं, बारा उभी. सगळं गाव एकाच विषयानं अस्वस्थ. नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण जुलैअखेरीस गुजरातला नेली. उद्या नांदणीहून कोल्हापूरला पदयात्रा आहे. तात्यांनी तिच्यावर पोवाडा रचून आणला होता, चारच दिवसांत. वही न बघता म्हटला. पोवाड्याच्या पहिल्या चौकात, म्हणजे पहिल्या भागात, हत्तीण गाडीत चढताना मागं वळून बघते, तिथं त्यांनी झील थांबवली. तुणतुणंही थांबवलं. पायरीवरचा हलगीवाला आत डोकावून बघायला लागला, काय झालं म्हणून. माझ्या शेजारच्या बाई पदर तोंडाला लावून रडत होत्या.

हत्तीण कुठं असावी यावर खोलीत दोन मतं होती, चहाच्या वेळी दोन्ही जोरात बोलली गेली. पोवाड्याबद्दल मत एकच होतं.

नाममुद्रा शेवटी होती, नेहमीसारखी. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं.

८ ऑगस्ट

केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्याला आज वर्ष. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळालं. १९१५ चं पॅलेस थिएटर ते. संध्याकाळी तिथनं चालत गेलो. काही लिहावंसं वाटत नाही.

११ ऑगस्ट

कोणीतरी परवाच्या पोवाड्याचा मोबाइलवर काढलेला तुकडा टाकला आणि तो गावभर फिरला. कोणी टाकला ते कळलं आहे, नाव लिहीत नाही. तुकडा शेवटच्या कडव्याच्या आधीच संपतो. म्हणजे मुद्रा गेली. आणि वर लिहिलंय, "पारंपरिक पोवाडा".

हत्तीण जाऊन जेमतेम दोन आठवडे झालेत, आणि पोवाडा पारंपरिक!

तात्यांना फोन केला. मला वाटलं होतं भडकतील. ते म्हणाले, "असू दे की, लोकांनी आपलं मानलं न्हवं." आवाज मात्र पडलेला होता. मग सुभाषनगरला फोन केला, तिथं मात्र जाळ. "साहेब, चपलंवर गावाचं नाव न्हवतं तर आपुन केवढं बोंबललो. आता गान्यावर मानसाचं नाव न्हाई, तर कोन बोंबलायचं?"

ज्यानं टाकलं त्याला शांतपणे सांगितलं. नाव घातलं त्यानं, पण तोवर दुसऱ्यांनी उचलून पुढं टाकलं होतं, तिथं पारंपरिकच. शब्द लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्या पश्चात ६० वर्षं राहतो असं कायदा सांगतो. तात्या तर जिवंत आहेत आणि उसाला पाणी पाजतायत.

चूक आमचीही आहे. परवानगीचा कागद गाणाऱ्याकडनं घेतला. ऐकणाऱ्यांना काय करू नका, हे सांगितलंच नाही. आता दर गाण्याच्या आधी नाव, गाव, शब्द, चाल मोठ्यानं वाचायचं, आणि मागं फळ्यावरही लिहायचं. मोबाइल कुठूनही धरला तरी फळा चौकटीत यायला हवा. भाच्याची सूचना, वहिनींचा फळा. कॉफीचे दर पुसून घेतला.

१९ ऑगस्ट

पाऊस थांबायला तयार नाही. सगळ्यांचं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाण्याच्या फुटांवर. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. २०१९ च्या महापुरानंतर तर जास्तच. शिरोळकडचे बुवा पुढच्या वेळी येतील का, सांगता येत नाही.

तात्यांचा फोन. कालपासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यावर गाणं झालंय म्हणे. चाळीस वर्षांची मागणी आणि एका रात्रीत गाणं. विचारलं, नाममुद्रा? म्हणाले, "आता दर कडव्यात घाटलोय. काप म्हणावं कुठं कापायचं ते."

६ सप्टेंबर

आज पहिला शनिवार, पण अनंत चतुर्दशी. कार्यक्रम ठेवला असता तर गाणाऱ्यांनीच मला वेड्यात काढलं असतं. ऑगस्टअखेरपासून सगळे झीलकरी मंडळांत अडकलेत. पुढच्या शनिवारी घेऊ.

१३ सप्टेंबर, तिसरी संध्याकाळ

दर कडव्यात मुद्रेनं तात्यांच्या गाण्याची चव जाते, हे त्यांना सांगावं की नाही? तिसऱ्या कडव्यात ती "बेंच" शब्दाशी जुळवायला केलेली ओढाताण ऐकवत नव्हती. गाण्याला पहारा बसवल्यासारखं झालं. सांगितलं नाही. फळा आहे, तो बघून ते स्वतःच सोडतील अशी आशा.

आजचे खरे पाहुणे पट्टणकोडोलीकडचे धनगरी ओवीवाले. सहा जण, ढोल, झांज, घोंगड्या. त्यांना सांगितलं होतं वीस मिनिटं. सुंबरान, म्हणजे सुरुवातीचं देवाचं स्मरण, मांडायलाच पंचवीस झाली. मी हळूच घड्याळ दाखवलं तर पुढचे मामा म्हणाले, "देव बसल्याबिगर फुडं कसं जायाचं?" बरोबर आहे. रात्रभर चालणारी गोष्ट ती, तिला वीस मिनिटांत बसवणारे आम्ही शहाणे. ढोल बाहेर ठेवणं शक्य नव्हतं, कारण गाणारा आणि ढोल एकमेकांच्या तोंडाकडं बघत चालतात. सगळे माइक बंद केले. काच थरथरत होती, पण एक माणूस उठला नाही.

नवीन ओवी होती बकरी बसवण्यावर. पूर्वी शेतकरी लेंडीखतासाठी रानात बकरी बसवायला घरी येऊन विनवायचा, आता रासायनिक खताच्या गोण्या येतात आणि बकऱ्यांच्या वाटेवर कुंपण. गाणं थांबवून मध्येच बोलून सांगायचं, परत गाण्यात शिरायचं. कुठं बोलणं संपतं कळत नाही.

नंतर रजिस्टर. "मामा, शब्द कुणाचे लिहू?" "बिरोबाचं." "ते सुंबरानचं झालं. बकऱ्यांचं कुणी रचलं?" "त्यो बी बिरोबाच बोलवतोय की." पुन्हा विचारलं. मागं उभ्या पोरानं, विशीतला असेल, मान खाली घातली. तात्यांचा भाचा माझ्या कानात म्हणाला, त्यानंच रचलंय, पण मामांपुढं सांगणार नाही. मग काय करणार? शब्दाच्या रकान्यात मामांनी सांगितलं ते लिहिलं. पोराचं नाव त्यानं परवानगी दिली तर पुढं. सध्या पेन्सिलीनं टिंब.

बोलणं आवरता पावणेदहा झाले. दहानंतर आवाज नको हा नियम आम्ही पाळतो, पण काठावर पाळतो.

४ ऑक्टोबर, चौथी संध्याकाळ

आक्का परत येणार म्हणून वहिनींनी माळ्यावरनं सासूबाईंचं जातं उतरवलं. उतरवायला चार जण. आक्कांनी खुंटा हलवून पाहिला, पाळ झाडली आणि पहिला प्रश्न, "घालायला काय?" रिकामं जातं फिरवायचं नसतं, दगड दगडाला खातो. गल्लीच्या टोकाच्या दुकानातनं दोन किलो जोंधळे आणले. माइक जमिनीपासून वीतभर, जात्यापासून दोन हात दूर. तो घरघराट म्हणजे तंबोराच! जुलैत बशीवर म्हटलेलीच ओवी, पण जात्यावर ती निम्म्या गतीनं आली, आणि दोन ओळींच्या मध्ये एक पूर्ण फेरा रिकामा जाऊ देत होत्या. जुलैत आम्ही जी ऐकली ती घाईतली होती, हे आज कळलं.

पीठ वहिनींनी ठेवून घेतलंय.

मग माझं ठरलेलं. "आक्का, लाईटीची ओवी तुमची. शब्द म्हणून तुमचं नाव वाचलं मी. बरोबर न्हवं?"

"न्हाई."

पहिली ओळ त्यांच्या आईची निघाली. आईच्या ओवीत लाईट नव्हती, रात्रीची मोट होती, तीच झोप, तोच ऊस. आक्कांनी मोट काढून लाईट घातली. दुसरी ओळ आधी जावेनं म्हटली, एकदा सारवताना, नंतर दोघींनी घासूनपुसून बसवली. "मग कुणाची म्हनायची? माझं एकटीचं नाव वाचलासा तवा मला कसंतरीच झालं. जाऊबाई ऐकतील तर?"

तीन महिने मी स्वतःचंच गाणं पाहिजे म्हणून अडून बसलो होतो. रजिस्टरमध्ये शब्दांचा रकाना सव्वा इंचाचा आहे. त्यात आई मावत नाही, जाऊ तर नाहीच.

६ ऑक्टोबर

नवीन पानं आखली. शब्दांचा रकाना साडेतीन इंच, आत ठिपक्यांच्या तीन ओळी. चालीचा तेवढाच. आधीच्या पानांवरची नोंद आक्कांना फोनवर विचारून दुरुस्त केली : पहिली ओळ आईची (मोटेच्या जागी लाईट, आक्का), दुसरी जाऊबाई आणि आक्का. जाऊबाईंनी स्वतः फोन घेतला. आपलं नाव छापायचं तर माहेरचं छापा म्हणाल्या. परत फोन आक्कांकडं गेला, मागं दोघींचं हसणं.

१ नोव्हेंबर, पाचवी संध्याकाळ

थंडी पडायला लागली आहे, हलगीला तवा लागला नाही. तात्यांची मुद्रा शेवटच्या कडव्यात परत. पट्टणकोडोलीचा पोरगा मामांशिवाय आला, एकटाच, ढोल न घेता, ऐकायला. जाताना रजिस्टर मागितलं. सप्टेंबरचं पान काढून दिलं. पेन्सिलीच्या टिंबाकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मामांच्या खाली लिहिलं तर चालंल?"

"बिरोबाच्या खाली," मी म्हटलं.

पेन दिलं.